लोखंडाचे इंजेक्शन आणि एम.आर.आय.चे चुंबक

गेल्या महिन्यात या सदरातून सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन आणि एम.आर.आय. यांतील फरक सांगितला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी एका निवृत्त शिक्षकांच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते इतके नेमके आहेत की आजचा सगळा लेख त्यांच्या उत्तरालाच देत आहे.

गुरुजी लिहितात, "मागे माझ्या मणक्याचा एम.आर.आय. झाला तेव्हा घड्याळ, किल्ल्या, कमरेचा पट्टा, एवढेच काय सदऱ्याची पिनसुद्धा बाहेर काढून ठेवायला लावली. आता वाचनात आले की काही देशांत एम.आर.आय.पूर्वी शिरेतून लोखंडाचे कण टोचतात. खिशातली किल्ली चालत नाही, मग रक्तातले लोखंड कसे चालते? चुंबक ते ओढून घेणार नाही का?"

दुसरा प्रश्न त्यांच्या मेहुण्यांचा आहे. वय ६१, जुना मधुमेह, क्रिएटिनिन २.८. पूर्वी 'ब' प्रकारची कावीळ होऊन गेली होती व आता लिव्हर सिरॉसिस आहे. सोनोग्राफीत यकृतात दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी 'डाय टाकून' एम.आर.आय. करायला सांगितला आहे. घरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो करा, दुसरा म्हणतो डायने किडनी जाते, सहा महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी करू.

पहिला प्रश्न कुतूहलाचा, दुसरा जिवाचा. तरीही सुरुवात पहिल्यापासूनच करतो, कारण तो उलगडल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर पटणार नाही.

किल्ली आणि कण

चुंबकाचा धाक खोटा नाही. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांची शक्ती १.५ टेस्ला असते. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक. शिवाय हे चुंबक विजेच्या दिव्यासारखे बटण दाबून बंद होत नाही. केंद्राला कुलूप लावून सगळे घरी गेले तरी ते रात्रभर तसेच जागे असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला. म्हणून तंत्रज्ञ पिन काढायला सांगतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये.

मग कणांचे काय? तर चुंबकाची ओढ वस्तूच्या आकारमानावर ठरते. किल्लीतले सगळे लोखंड एका तुकड्यात असते आणि चुंबक त्या सबंध तुकड्याला एकदम ओढतो. टोचण्याच्या औषधातला कण केवढा? त्याचा लोखंडी गाभा साधारण पाच नॅनोमीटरचा. असे कण एकाला एक लावून ठेवले तर एका सेंटिमीटरमध्ये वीस लाख मावतील. एवढ्याशा कणावर चुंबकाची जी ओढ पडते तिच्यापेक्षा रक्ताचा प्रवाह आणि भोवतालच्या पाण्याच्या रेणूंचे धक्के कितीतरी जोरदार असतात. शिवाय यंत्राच्या बोगद्यात, जिथे रुग्ण निजलेला असतो, तिथे चुंबकत्व सगळीकडे जवळपास सारखे असते. ओढ बसते ती कमी-जास्तपणामुळे, म्हणजे मुख्यतः बोगद्याच्या तोंडाशी.

हे लोखंड म्हणजे खिळ्याचे लोखंडही नव्हे. लहानपणी आपल्यापैकी अनेकांनी नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून त्याला चिकटलेली काळी भुकटी कागदाच्या पुडीत जमवली असेल. ती भुकटी बहुतांशी मॅग्नेटाइटची, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची. औषधातले कणही याच जातीचे असतात, फक्त प्रयोगशाळेत घडवलेले आणि डेक्स्ट्रानसारख्या साखरेच्या जातीच्या पदार्थाचे आवरण चढवलेले. आवरणामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत.

त्यांचा आणखी एक गुण मला फार विलक्षण वाटतो. मॅग्नेटाइटचा कण इतका लहान केला की बाहेरचे चुंबक असेपर्यंत तो स्वतः जोरदार चुंबक बनतो आणि बाहेरचे चुंबक दूर होताच आपले चुंबकत्व पार विसरतो. शास्त्रज्ञ याला 'सुपरपॅरामॅग्नेटिझम' म्हणतात. तसे नसते तर तपासणी संपल्यावरही कण एकमेकांना ओढत राहिले असते, त्यांच्या गुठळ्या झाल्या असत्या आणि रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या.

आणि रक्तात लोखंड नवे थोडेच आहे? धडधाकट माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतेच. यकृताच्या तपासणीसाठी जे औषध निघाले त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.५६ मिलिग्रॅम लोह एवढीच होती. साठ किलोच्या माणसाला सुमारे ३४ मिलिग्रॅम. एवढे लोह आपल्या ऐंशी-नव्वद मिलिलिटर रक्तात, म्हणजे एका लहान कपात, असतेच. शरीर हळूहळू ते कण विरघळवते, लोह आपल्या साठ्यात जमा करते आणि त्यातूनच पुढे हिमोग्लोबिन तयार करते.

टाळ आणि ठेका

आता हे कण करतात काय? त्यासाठी एम.आर.आय.चे चित्र कसे निघते ते थोडक्यात पाहू. हे चित्र पाण्याचे असते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि प्रत्येकाचे केंद्रक हे एक इवलेसे चुंबक असते. यावरून चित्र काढता येईल हे अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवले, इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांनी ती रीत वेगवान केली आणि २००३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यांसमोर दिंडी आणा. शेकडो टाळकरी एका ठेक्यात टाळ वाजवत आहेत. यंत्र रेडिओलहरींचा एक धक्का देते तेव्हा शरीरातल्या पाण्याची केंद्रके अशीच एका ठेक्यात नाचू लागतात आणि तो नाद यंत्राला ऐकू येतो. हळूहळू ठेका चुकतो, नाद विरतो, मंडळी पुन्हा जागेवर येतात. मेंदूत हे किती वेळात होते, चरबीत किती, पाण्याच्या फोडात किती, हे वेगवेगळे असते. त्या फरकाचेच काळे-पांढरे चित्र बनते.

अडचण अशी की काही वेळा चांगला भाग आणि रोगट भाग यांचा ठेका जवळजवळ सारखाच असतो. मग दोहोंत फरक पाडण्यासाठी बाहेरून काहीतरी घालावे लागते. त्याला आम्ही 'कॉन्ट्रास्ट' म्हणतो आणि बोलीभाषेत 'डाय' म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही. कारण सी.टी. स्कॅनचा डाय वेगळा आणि एम.आर.आय.चा वेगळा असतो, पण एकाच नावामुळे एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटते. गुरुजींच्या घरात नेमके हेच झाले आहे.

आपल्याकडे एम.आर.आय.साठी टोचतात ते औषध जवळजवळ नेहमी गॅडोलिनियम या धातूचे असते. जर्मनीतील शेरिंग कंपनीने त्याचे पहिले औषध तयार केले व १९८८ मध्ये ते बाजारात आले. सुटे गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते एका मोठ्या रेणूच्या पकडीत घट्ट बांधून देतात. हे औषध टाळकऱ्यांना झटपट जागेवर आणून पुढच्या फेरीला उभे करते. त्यामुळे जिथे ते पोहोचते तो भाग चित्रात उजळतो. पण ते कोणत्याही पेशीला ओळखत नाही. रक्ताबरोबर फिरते, जिथे रक्तवाहिन्या जास्त किंवा गळक्या तिथे साचते आणि मूत्रपिंडांवाटे निघून जाते.

लोखंडाच्या कणाची तऱ्हा उलटी. तो म्हणजे दिंडीच्या मध्यावर कुणीतरी भलत्याच तालात ढोल बडवायला लागावे तसा. आसपासच्या सगळ्यांचा ठेका चुकतो, नाद बंद पडतो आणि तो भाग चित्रात काळा ठिक्कर दिसतो.

ज्या वस्तीत सफाई कामगार नाहीत

काळे होऊन फायदा काय, असे कुणी विचारील. खरी गंमत पुढेच आहे.

यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर कुप्फर पेशी नावाच्या पेशी बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्यांचे वर्णन केले. नगरपालिकेच्या सफाई कामगारांसारखे यांचे काम असते. रक्तातून येणारे जंतू, मेलेल्या पेशी, परके कण, जे दिसेल ते गिळून टाकायचे. शिरेतून दिलेले लोखंडाचे कण यांना कचराच वाटतात. काही मिनिटांत त्यातला बहुतांश माल यकृतातल्या या पेशींच्या पोटात जातो, थोडा प्लीहेत. त्यामुळे निरोगी यकृत काळे पडते. पण दुसऱ्या अवयवातून पसरून यकृतात आलेल्या कर्करोगाच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात. ती अतिक्रमण करून बसलेली वस्ती, तिथे सफाई कामगार नेमलेलेच नाहीत. म्हणून ती पांढरीच राहते. काळ्या पाटीवर खडूचा ठिपका दिसावा तशी लहानशी गाठही उठून दिसते.

गॅडोलिनियम सांगते की रक्त कुठे जास्त आहे. लोखंडाचा कण सांगतो की नेहमीच्या पेशी आपल्या जागी बसून आपले काम करीत आहेत की नाहीत. ही माहिती वेगळ्याच प्रकारची आहे.

असे पहिले शिरेतून द्यायचे औषध अमेरिकेत ऑगस्ट १९९६ मध्ये मान्य झाले. त्याचे नाव फेरिडेक्स. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅडव्हान्स्ड मॅग्नेटिक्स या कंपनीचे ते संशोधन होते. ते सलाइनसारखे अर्धा तास थेंब-थेंब द्यावे लागे आणि काही रुग्णांची त्या वेळी कंबर व पाठ इतकी दुखे की थेंब थांबवावे लागत. पुढे २००१ मध्ये युरोपात रेसोव्हिस्ट आले. ते पटकन टोचता येत होते.

पण या चाचणीला एक मर्यादा होती आणि ती गुरुजींच्या मेहुण्यांसारख्या रुग्णांतच आडवी येते. सिरॉसिसमुळे यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत काही कुप्फर पेशी शिल्लक असू शकतात. अशी गाठ थोडीफार काळी पडून फसवू शकते.

हॉलंडमधील तपासणी

कणांचा आकार आणखी लहान केला, वीस-तीस नॅनोमीटरपर्यंत आवरणासकट, तर यकृत त्यांना लगेच पकडू शकत नाही. ते तासन्‌तास रक्तात फिरतात, हळूहळू झिरपून लसिका ग्रंथींत पोहोचतात. काखेत किंवा जांघेत 'अवधाण आले' म्हणतो त्या या ग्रंथी. तिथल्या सफाई पेशी कण गिळतात आणि चोवीस तासांनी घेतलेल्या चित्रात निरोगी ग्रंथी काळी दिसते. कर्करोगाने बळकावलेला भाग पांढरा राहतो.

याचे महत्त्व समजायला एक गोष्ट लक्षात घ्या. कर्करोग ग्रंथींत शिरला आहे की नाही हे साध्या स्कॅनवर फक्त आकारावरून ठरवतात. मोठी ग्रंथी संशयास्पद, लहान ग्रंथी चांगली. पण कर्करोगाला हा नियम कुणी शिकवलेला नसतो! हॉलंडमधील नायमेखन विद्यापीठाचे येले बारेन्त्स आणि अमेरिकेतील बॉस्टनचे मुकेश हरिसिंघानी व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या ३३४ ग्रंथी काढून किंवा सुईने तपासल्या. त्यांतल्या ६३ मध्ये कर्करोग निघाला. या ६३ पैकी ४५ ग्रंथी साध्या स्कॅनच्या नियमाने 'चांगल्या' ठरल्या असत्या. साध्या एम.आर.आय.ने शंभरातल्या ३५ रोगट ग्रंथी ओळखल्या, कण देऊन केलेल्या एम.आर.आय.ने ९० हून अधिक. ज्या ३३ रुग्णांच्या ग्रंथींत रोग होता त्या सर्व ३३ जणांना या तपासणीने बरोबर ओळखले.

ज्या माणसाचा रोग ग्रंथींत गेलेला आहे त्याला फक्त प्रोस्टेट काढून उपयोग नसतो. ज्याचा गेलेला नाही त्याला पोट उघडून ग्रंथी खरवडण्याचा त्रास टळतो. एवढा फरक त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यावर अवलंबून आहे.

इतके असून ही औषधे गेली कुठे?

ग्रंथींच्या औषधाचा अर्ज अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीसमोर मार्च २००५ मध्ये आला. एका कर्करोगात दिसलेला परिणाम सगळ्या कर्करोगांना लागू करायला पुरेसा पुरावा नाही, असे समितीचे मत पडले. युरोपातील अर्ज कंपनीने २००७ मध्ये मागे घेतला. फेरिडेक्सचे उत्पादन २००८ मध्ये थांबले, रेसोव्हिस्टही त्याच सुमारास युरोपातून गेले. जपानमध्ये मात्र ते त्यानंतरही मिळत राहिले.

माझ्या मते यात औषधाच्या गुणाइतकाच हिशेबाचा भाग होता. कण देण्यापूर्वी एक स्कॅन, दिल्यावर दुसरा, ग्रंथींसाठी तर रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचे. यंत्राचा वेळ म्हणजे पैसा. रेडिओलॉजिस्ट मंडळींना काळा ठिपका आवडत नाही हेही खरे, कारण जुने रक्त, चुना आणि हवासुद्धा काळीच दिसते. त्यातच यकृताच्या पेशींत शिरणारे गॅडोलिनियमचे एक नवे औषध २००४-०५ च्या सुमारास युरोपात व २००८ मध्ये अमेरिकेत आले. तेही गाठ आणि निरोगी यकृत यांत फरक दाखवते आणि एकाच बैठकीत काम होते. गिऱ्हाईक तिकडे वळले. नायमेखनच्या डॉक्टरांनी मात्र हट्ट सोडला नाही. ग्रंथींचे औषध त्यांनी काही वर्षांनी पुन्हा बनवून घेतले व आपल्या रुग्णांसाठी वापरात आणले.

किडनी आणि गॅडोलिनियम

आता मेहुण्यांकडे वळू.

'डायने किडनी जाते' ही समजूत मुख्यतः सी.टी. स्कॅनच्या डायवरून आली आहे. त्यात आयोडिन असते, मात्रा मोठी असते आणि आधीच दुबळ्या मूत्रपिंडांना त्याचा त्रास होऊ शकतो. एम.आर.आय.च्या गॅडोलिनियमची गोष्ट वेगळी आहे. नेहमीच्या मात्रेत ते किडनी बिघडवत नाही. प्रश्न उलटा आहे. बिघडलेली किडनी त्याला बाहेर काढू शकत नाही. निरोगी माणसात दीड तासात निम्मे औषध रक्तातून जाते. किडनी निकामी असेल तर त्यालाच एक दिवस किंवा जास्त लागतो. तेवढ्या वेळात पकड सैल असेल तर धातू सुटा होऊ शकतो.

याचा फटका जगाला उशिरा कळला. १९९७ पासून अमेरिकेत डायलिसिसच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी घट्ट होऊ लागली, सांधे आखडले, काही जण खुर्चीला खिळले. २००० मध्ये हा नवा आजार म्हणून नोंदला गेला. कारण सापडायला २००६ उजाडले. थॉमस ग्रोबनर या ऑस्ट्रियातील डॉक्टरांच्या लक्षात आले की त्यांच्या अशा रुग्णांना आधी गॅडोलिनियम दिलेले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा आला. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवले की वारंवार औषध घेतलेल्या माणसांच्या मेंदूत त्याचा अंश उरतो. किडनी चांगली असलेल्यांना त्याने अपाय झाल्याचे दिसलेले नाही, पण २०१७ मध्ये युरोपीय नियामकांनी सैल पकडीची बहुतेक औषधे थांबवली. यकृतासाठीची दोन फक्त त्याच कामापुरती ठेवली.

आता पकडीविषयी. गॅडोलिनियमची औषधे दोन तऱ्हेची असतात. एकीत धातू उघड्या साखळीत गुंडाळलेला, दुसरीत बंद कड्यात, पिंजऱ्यात अडकवल्यासारखा. दुसरीला 'मॅक्रोसायक्लिक' म्हणतात. ही कड्याची औषधे वापरू लागल्यावर आणि रुग्णाची किडनी पाहून मात्रा ठरू लागल्यावर कातडी आखडण्याचे नवे रुग्ण अत्यंत विरळ झाले आहेत. म्हणून आज तज्ज्ञ, खरी गरज असेल तर, किडनीच्या गंभीर रुग्णालाही कड्याचे औषध एका मात्रेपुरते देतात. डायलिसिस चालू असेल तर एम.आर.आय. नेहमीच्या डायलिसिसच्या आधी ठेवतात, म्हणजे औषध लगेच धुऊन निघते.

दुसरीकडे ती दोन सेंटिमीटरची गाठ पाहा. सिरॉसिस झालेल्या यकृतात नवी गाठ दिसली की ती कर्करोगाची आहे असे धरूनच तपास करावा लागतो. औषध टोचल्यावर गाठ आधी झपाट्याने उजळली आणि मग यकृतापेक्षा फिकी पडली, तर सुई न घालताही निदान होते. दोन सेंटिमीटरला सुईच्या टोकाने जाळून किंवा शस्त्रक्रियेने काढून बरे होण्याची आशा चांगली असते. काही महिन्यांत अशी गाठ दुप्पट होऊ शकते, रक्तवाहिनीत शिरू शकते, आणि मग हे दोन्ही मार्ग बंद होतात. म्हणून सहा महिने थांबण्याचा सल्ला मला मान्य नाही. गुरुजींनी मेहुण्यांना घेऊन जावे. जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्यावा, किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी आणि केंद्रावर विचारावे, "तुमच्याकडचे औषध कड्याचे आहे का?" हा प्रश्न विचारण्यात कोणाचाही अपमान नाही. रेडिओलॉजिस्ट आधी बिनऔषधाची चित्रे घेतील. त्यांनाच गरज नाही असे वाटले तर ते टोचणारही नाहीत. पण तो निर्णय त्यांनी पडद्यासमोर बसून घ्यायचा आहे, घरच्या बैठकीत घ्यायचा नाही.

यकृताचे ते लोखंडी औषध त्यांना मिळाले असते तर किडनीची काळजी उरली नसती, कारण कण मूत्रपिंडावाटे जातच नाहीत. पण वर सांगितल्याप्रमाणे ते आता हाताशी नाही.

रक्तवाढीच्या बाटलीतून

लोखंडाचे कण मात्र मागच्या दाराने परत आले. फेरिडेक्सच्याच कंपनीने, जिचे नाव नंतर एमॅग झाले, फेरुमॉक्सिटॉल नावाचे औषध काढले. जून २००९ मध्ये अमेरिकेत ते किडनीच्या रुग्णांतील रक्तक्षयासाठी मान्य झाले. एका बाटलीत ५१० मिलिग्रॅम लोह. कण तसेच, चुंबकीय. लॉस एंजेलिस, पोर्टलंड अशा ठिकाणच्या डॉक्टरांनी विचार केला की किडनीच्या रुग्णाला लोह द्यायचेच आहे तर त्याच कणांनी रक्तवाहिन्यांचे आणि मेंदूतल्या गाठींचे चित्रही का काढू नये? हे औषध तासन्‌तास रक्तातच राहते, त्यामुळे सुरुवातीला रक्तवाहिन्या सुरेख दिसतात. दुसऱ्या दिवशी ते सूज आलेल्या भागातल्या सफाई पेशींत जाऊन बसते.

याला निर्धोक समजू नये. काही रुग्णांना त्याने तीव्र अ‍ॅलर्जी झाली, काही दगावले. म्हणून मार्च २०१५ मध्ये अमेरिकेत त्यावरही ठळक इशारा आला. ते एकदम न टोचता निदान पंधरा मिनिटे सावकाश द्यायचे आणि नंतर अर्धा तास रुग्णाला नजरेसमोर ठेवायचे असा नियम झाला.

जर्मनीत हॅम्बर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतील संशोधकांनी तर २००५ मध्ये पाण्याला बाजूला सारून थेट कणांचेच चित्र काढणारे यंत्र मांडले. २००९ मध्ये त्यावर उंदराचे धडधडते हृदय दिसले. माणसासाठी ते रोजच्या वापरात यायला अजून अवकाश आहे.

लोखंडाने यकृत काळे पडण्याचा उपयोग आपल्याकडे मात्र एका वेगळ्या कामासाठी होतो. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त चढवावे लागते आणि जादा लोह हृदयात व यकृतात साचते. एम.आर.आय.मध्ये हृदयाच्या स्नायूचा नाद किती लवकर विरतो हे मोजले, तर किती लोह साचले आहे याचा अंदाज सुई न घालता येतो. हा आकडा वीस मिलिसेकंदांच्या खाली गेला की लोह काढण्याची औषधे वाढवावी लागतात, दहाच्या खाली म्हणजे धोक्याची घंटा. अशा मुलांच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांना या तपासणीविषयी जरूर विचारावे.

यातूनच शेवटची सूचना निघते. हल्ली बाळंतपणानंतर, मूळव्याधीच्या रक्तस्रावात, डायलिसिसमध्ये शिरेतून लोहाची बाटली देण्याचे प्रमाण वाढले आहे. फेरुमॉक्सिटॉल घेतल्यावर तीन महिन्यांपर्यंत एम.आर.आय.ची चित्रे बदललेली दिसू शकतात, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे. इतर लोह-इंजेक्शनांनंतरही काही काळ यकृत काळसर दिसू शकते. माहिती नसलेला रेडिओलॉजिस्ट मग लोह साचण्याचा आजार म्हणून रिपोर्ट देईल आणि पुढच्या तपासण्यांचे शेपूट लागेल. तेव्हा एम.आर.आय.च्या फॉर्मवर पेसमेकर आहे का, शरीरात सळई किंवा क्लिप आहे का, गरोदर आहात का, किडनीचा आजार आहे का, या प्रश्नांच्या खाली आपल्या हाताने एक ओळ लिहावी : शिरेतून लोहाचे इंजेक्शन घेतले असल्यास त्याचे नाव आणि तारीख. नाव आठवत नसेल तर डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे. तातडीची तपासणी नसेल तर डॉक्टर ती थोडी पुढे ढकलतील, आणि तातडीची असेल तर त्या तारखेचा हिशेब धरून चित्र वाचतील.